हिराजी मास्तरांची फळी

हिराजी मास्तरांचा एका शब्दावर राग होता. उधव्याच्या आमच्या शाळेत नाना तऱ्हेचं मराठी चाले. पाड्यांवरची मुलं वारलीत बोलत, दुकानदारांची मुलं निम्मं गुजराती मिसळत, आणि मास्तर सगळ्यांचं बोलणं हसत हसत सुधारून देत. पण किनाऱ्याकडून मामाकडे शिकायला आलेलं एखादं पोर खिडकीतून बघून 'गुरुजी, एसटी आयली' म्हणालं, की त्यांचा चेहरा बदलायचा. "आयली नाही. आली. म्हण, आली." पोर म्हणे. "पुन्हा म्हण." पोर पुन्हा म्हणे, आणि तेवढ्यात एसटी निघून जाई.

मीही त्याच शाळेत शिकवायचो, आणि मला याची गंमत वाटायची, कारण मास्तर स्वतः धाकट्या डहाणूचे. पिढ्यान् पिढ्या दर्यावर जाणारं घर. तिथे लहानथोर सगळे 'आयली'च म्हणत असणार. मी एकदा त्यांना चिडवलं, "मास्तर, मातोश्री घरी काय म्हणतात? आली की आयली?" एरवी माझ्या चेष्टेची सव्याज परतफेड करणारा हा माणूस त्या दिवशी नुसता चष्मा पुसत बसला. मी विषय बदलला.

आम्ही दोघं एकाच घराच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी डहाणूचा, रेल्वेतल्या कारकुनाचा मुलगा, जन्माचा शाकाहारी. ते मला 'पंत' म्हणत. सोमवारी सकाळी एसटीने उधव्याला यायचं आणि शनिवारी शाळा सुटली की घरी पळायचं, हा आमचा शिरस्ता. मास्तर उंच, सडपातळ, किंचित पोक काढून चालणारे. धोतर पांढरंशुभ्र, पण सदऱ्याच्या खिशात कायम दोऱ्याची गुंडी, मेणाचा तुकडा आणि एखादा खिळा. खडू शोधायला खिशात हात घातला की खिळा निघे, आणि मुलं खिदळत. सकाळी ते माझ्यासाठी चहा करत, पण भांडं आधी तीनतीनदा घासत. "पंत, वास घेऊन बघा. मासळी नाही, नुसता चहा." आणि मी घोट घेईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत राहत.

मासे मात्र ते रोज संध्याकाळी नदीवर जाऊन धरत, आणि काठावरूनच धरत. काठ सोडून ते कधी पाण्यावर गेले नाहीत. ही गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, आणि तीही एका खाष्ट डेपोटीमुळे, म्हणजे शाळा तपासणाऱ्या साहेबामुळे.

पावसाळ्याचे दिवस होते. नदीपलीकडच्या पाड्यावर आमच्या शाळेचा एक वर्ग भरायचा आणि तो तपासायला डेपोटीसाहेब आले होते. नदी भरलेली. गावकऱ्यांनी साहेबांसाठी होडकं आणून ठेवलं. साहेब बसले, मुख्याध्यापक बसले, मी जीव मुठीत धरून बसलो. मास्तरांना बोलावलं तर ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे, मी पुलावरून येतो." पूल किती लांब होता ते सगळ्यांना माहीत होतं. साहेबांना वाटलं, थट्टा आहे. मास्तर पोहोचले तेव्हा तपासणी संपून साहेब परत निघाले होते. चिखलाने माखलेल्या मास्तरांना त्यांनी सगळ्यांसमोर झापलं. "कोळ्याच्या पोटी जन्मून पाण्याला भिता?" असंही म्हणाले. मास्तर मान खाली घालून म्हणाले, "हो साहेब, मला पाणी बाधतं." त्या वर्षी रिकामी झालेली मुख्याध्यापकाची जागा दुसऱ्याला गेली.

मला त्या दिवशी डेपोटीचाही राग आला आणि मास्तरांचाही. घरी आल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. पाय चोळत बसले होते. हात न थांबवता एकदम बोलायला लागले.

ते लहान असताना एका वादळात त्यांच्या वडिलांची होडी दर्यातून परत आली नाही. त्यांच्या गावात एक रीत होती. संध्याकाळी बायका किनाऱ्यावर जमत, पण दर्यावर गेलेल्या माणसाचं नाव कुणी घेत नसे. नवरा आला का, पोरगा आला का, असं कुणी विचारत नसे. विचारायचं ते होडीचं. 'तुजी आयली का?' 'आयली.' 'माजी पन आयली.' त्यात सगळं आलं. त्या संध्याकाळी त्यांची आई प्रत्येकीला विचारत किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरली. दुसऱ्या दिवशीही फिरली. पुढे कितीतरी दिवस, शेजारणी घरात निजल्या तरी ही दारात उभी राहून अंगणाला विचारायची, 'आयली का?' मास्तर तिच्या लुगड्याला धरून उभे असत.

"मग त्या वादळानंतर झाई गावच्या किनाऱ्याला एक फळी लागली," मास्तर म्हणाले. "आमच्या होडीची. नाळेकडची, म्हणजे पुढच्या टोकाची. काकाने खिळ्यांवरून ओळखली. आईने ती घरात आणून दोन दगडांवर ठेवली, वर पाण्याचे हंडे ठेवले. आणि माझा हात त्या फळीवर ठेवून मला म्हणाली, मी जिती आहे तोवर होडीत पाय ठेवणार नाहीस, म्हण."

"आणि तुम्ही म्हणालात."

"म्हणालो. पंत, तिने सुकी मासळी डोक्यावरून विकून मला शिकवलं. दुसरं काय म्हणणार?"

त्यानंतर मी त्यांना पुन्हा कधी 'आयली'वरून चिडवलं नाही.

पण दर्याची ओढ रक्तात असते ती शपथेने जात नाही. सुट्टीत मास्तर गावी गेले की होड्या सुटायच्या वेळेला किनाऱ्यावर जाऊन बसत. चुलतभाऊ लक्ष्मण त्यांच्याच वयाचा, मोठा तांडेल, होडीचा म्होरक्या झालेला. तो होडी ढकलताना हाक मारायचा, "मास्तर, धोतर सांभाळा, भिजंल." बाकीचे हसत. मास्तरही हसत. सोमवारी उधव्याला आले की दोन दिवस जेवण नीट जात नसे.

अशात त्यांना फळीचं वेड लागलं. रविवारी डहाणूला एका चिकूच्या वाडीवाल्या शेठकडे ते मुलांना शिकवायला जात. शेठकडे परदेशी सामानाचं एक जुनं चित्रांचं पुस्तक होतं. त्यात एका तळ्यात मोटरबोट चाललेली, आणि बोटीच्या दोन्ही बाजूंना, बरंच लांब, पाण्यात उभ्या तरंगणाऱ्या दोन लहान फळ्या. फळीला दोरी, दोरीला गळ. बोटीच्या आवाजाने मासे बुजतात, म्हणून ही फळी गळाला बाजूला लांब घेऊन जाते. शेठ म्हणाले, "ए तो साहेब लोकोचा खेल छे, मास्तर." पण मास्तर त्या चित्रापुढून हलेनात. मला येऊन सांगताना त्यांचे डोळे चमकत होते. "पंत, त्यांना बोटीत बसून बोटीपासून लांब जायचं आहे. मला काठावर बसून काठापासून लांब जायचं आहे. बोट पाण्यातून चालते, इथे पाणीच माझ्यासमोरून चालतं. एकच झालं की."

मला काही कळलं नाही. तेव्हा त्यांनी पतंगाचं उदाहरण दिलं. वारा समोरून येतो, तुम्ही मांजा धरून उभे, पतंग तिरका राहिला की वर जातो. तशीच फळी पाण्यात तिरकी राहिली की प्रवाह तिला काठापासून मध्याकडे ढकलत नेणार. "संक्रांतीला तुम्ही काय करता, तेच मी आडवं करणार," म्हणाले.

सांगायला सोपं होतं. पहिली फळी त्यांनी सागाची केली, ती जड झाली आणि बुडाली. मग पांगाऱ्याची केली. पांगारा हलका, सुरीनेही तासता येतो. ही तरंगली, पण पाण्यावर आडवी पडून पाटासारखी वाहत गेली. म्हणून खालच्या कडेला शिशाची पट्टी ठोकली, तेव्हा ती उभी राहिली. पुढचं टोक रंध्याने तिरकं छाटलं. दोन भोकं पाडून त्यांत आखूड दोरी ओवली आणि त्या दोरीला लांब दोरी बांधली. सगळी मेख त्या गाठीत होती. गाठ बोटभर मागे सरकली की फळी रुसून काठाशीच थांबायची, बोटभर पुढे सरकली की गिरक्या घ्यायची. शिवाय फळीला डावं उजवं होतं. नदीच्या या काठाची फळी त्या काठाला चालत नसे. एकदा घाईत त्यांनी उलटी फळी सोडली. ती वळली ती थेट आमच्या पायाशी आली आणि चिखलात नाक खुपसून बसली. मी हसून हसून लोळलो. मास्तर गंभीरपणे म्हणाले, "हिला घरची ओढ आहे. ही राहू द्या." ती त्यांनी खरोखरच ठेवली, खिडकीत, आणि तिच्यावर खडू ठेवायला लागले.

ज्या संध्याकाळी फळी पहिल्यांदा नीट चालली ती मी विसरणार नाही. एका बाजूला गेरूने लाल रंगवलेली, हातभर लांबीची ती फळी मास्तरांनी पाण्यात ठेवली आणि दोरी सैल सोडली. क्षणभर ती थरथरली. मग मान वळवल्यासारखी तिरकी झाली आणि पाणी कापत निघाली, जिथे कुणाचा गळ कधी पोहोचत नसे त्या मधल्या खोल धारेकडे. दोरी मास्तरांच्या बोटांतून सरसर जात होती.  उजवा पाय त्यांनी नकळत पुढे टाकला होता, पाण्यात, घोट्यापर्यंत. माझं लक्ष गेलं तसं त्यांचंही गेलं, आणि त्यांनी तो मागे घेतला.

पुढे आमची वाटणीच ठरली. फळीची दोरी मी धरायची, गळाची त्यांनी. गळाची दोरी फळीवर बांबूच्या चिमट्यात अडकवलेली असे. मधल्या धारेत मोठा खडस मासा लागला की हिसक्याने ती चिमट्यातून सुटायची, मास्तर मासा ओढायचे आणि मी शांतपणे फळी ओढून घ्यायचो. "फळी पंतांची, मासा माझा. म्हणजे पंतांचा धर्म राखला," असं ते गावभर सांगत. पाड्यावरच्या लोकांनी फळ्या मागितल्या, तर करून दिल्या. कुठला काठ, हे आधी विचारून घेत.

ही बातमी धाकट्या डहाणूला पोहोचली, पण कुणीतरी तिचं भलतंच करून पोहोचवली. मास्तर उधव्याला होडी बनवतात आणि नदीत सोडतात, असं जेठीबायच्या, म्हणजे त्यांच्या आईच्या कानावर गेलं. कधी एसटीत न बसलेली ती म्हातारी एका सकाळी सुक्या बोंबलांचं गाठोडं काखेत मारून उधव्याला उतरली. शाळेच्या दारातच उभी राहिली. मी बाहेर गेलो तर मला म्हणाली, "मास्तर, माजा पोर कुठं हाय? तो जिता हाय ना?"

मास्तर धावत आले. त्यांना तिने नखशिखांत बघितलं आणि मग तिचा राग वर आला. "तुना मना बोल दिलेला."

"आई, होडी नाही ती. लहानशी फळी आहे. मी काठावरच असतो."

"लाकूड पान्यावर जातं त्याला होडीच बोलतात. मना शिकवतोस?"

संध्याकाळी तिला नदीवर नेलं. ती काठापासून दूर, नदीकडे पाठ करून, आंब्याच्या मुळावर बसली. बघणार नाही म्हणाली. तिला फळीचं जाणं-येणंच दिसावं म्हणून मास्तरांनी गळ लावलाच नाही, नुसती फळी सोडली. दोरी मी धरली नाही, त्यांच्याच हातात दिली. फळी धारेपर्यंत गेली.  मग मागून म्हातारीचा आवाज आला, अगदी बारीक.

"आयली का?"

मास्तरांच्या हातातली दोरी थांबली. मी त्यांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. त्यांनी घाईघाईने दोरी ओढायला सुरुवात केली. फळी पाणी उडवत काठाशी आली, तेव्हा ते म्हणाले, "आली, आई."

"परत सोड."

त्यांनी परत सोडली. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. असं कितीदा झालं कोण जाणे. केव्हातरी म्हातारीने तोंड वळवलं. मग उठून जवळ आली. शेवटी काठावर उकिडवी बसून, ओली फळी दोन्ही हातांत घेऊन ती निरखत राहिली. दोरी ओढून बघितली, गाठ चाचपली. "ही जाते आनि येते," असं स्वतःशीच म्हणाली. मग मुलाला म्हणाली, "दोरी चांगली लाव. सुताची नको, कुजते."

"आई, आयली नाही, आली म्हणावं," मास्तर म्हणाले. मला वाटतं, रडू येऊ नये म्हणून म्हणाले.

"तुजी आली ती शालेतली," म्हातारी म्हणाली. "माजी आयली."

त्यानंतर दर सुट्टीनंतर ती मास्तरांबरोबर दोरी पाठवायची, स्वतः वळलेली. मास्तरांनी जुन्या सगळ्या दोऱ्या टाकून दिल्या.

राज्यं वेगळी झाली, उधव्यापलीकडची काही गावं गुजरातेत गेली, आमच्या शाळेतली काही मुलं कमी झाली. माझी बदली डहाणूला झाली, मास्तर तिथेच राहिले. मी गेल्यावर फळी आणि गळ दोन्ही एकट्याने सांभाळताना तारांबळ होते, असं ते भेटले की तक्रारीच्या सुरात सांगत. त्या तक्रारीने मला बरं वाटायचं.

जेठीबाय गेली ती हिवाळ्यात. आजारपणात मास्तर रजा घेऊन घरीच होते. मी भेटायला गेलो तेव्हा ती शुद्धीवर होती. मला बघून म्हणाली, "पंत, याला सांगा, मी गेल्यावर शपथ नाय. मी सोडवलीय. जाऊंदे त्याला दर्यावर. लक्ष्मन नेईल." मग मुलाकडे वळून कोपऱ्यातल्या हंड्यांकडे बोट केलं. "आनि ती फली घे. आता पानी ठेवायला कोन हाय?"

तिची राख खाडीच्या मुखाशी सोडायची होती. लक्ष्मणने होडी सजवून पाण्यात आणली. अस्थींचं मडकं मास्तरांच्या हातात होतं. सगळं गाव किनाऱ्यावर. शपथ सुटल्याचं सगळ्यांना कळलं होतं आणि सगळ्यांचं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं. लक्ष्मणने हात पुढे केला. आज त्याने चेष्टा केली नाही. "ये भाऊ," एवढंच म्हणाला. मास्तर गुडघाभर पाण्यात गेले. एक हात होडीच्या काठावर ठेवला. लाट आली, होडी वर उचलली गेली, खाली आली. ते तसेच उभे. आता चढतील, मग चढतील, असं वाटत होतं. सबंध आयुष्य ज्याच्यासाठी तळमळले ते हाताशी होतं, आणि त्यांचा पाय उचलेना. शेवटी त्यांनी मडकं लक्ष्मणच्या हातात दिलं आणि वळले. तेव्हाचा त्यांचा चेहरा आठवला की मला आजही गलबलतं. शपथ घालणारी सोडवून गेली होती, पण पाळणाऱ्याला ती सुटत नव्हती.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्यानंतर काही दिवसांनी. माझी बदली लांब, घाटावर झाली होती आणि निरोप घ्यायला मी धाकट्या डहाणूला गेलो. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, मास्तर खाडीवर असतात. ओहोटी लागली होती. ओहोटीला खाडीचं पाणी नदीसारखं समुद्राकडे धावतं. मास्तर काठावर एकटे उभे होते आणि हातात नवी फळी होती. नवी म्हणजे काळपट, जुनाट लाकडाची. वडिलांच्या होडीची. जवळ जाऊन पाहिलं तर खालच्या कडेला शिसं नव्हतं. होडीचे जुने गंजके खिळे तसेच ठेवले होते.

"शिशाची गरज पडली नाही," मास्तर म्हणाले. "यांचंच वजन पुरतं."

गळ कुठे दिसत नव्हता. चिमटाही नव्हता. दोरी म्हातारीने वळलेली, शेवटची.

त्यांनी फळी पाण्यात ठेवली. ती तिरकी झाली आणि निघाली. खाडीच्या मध्याकडे, मग मुखाकडे, जिथे राख सोडली होती तिथवर. दोरी संपत आली. मला वाटलं, आता हा माणूस दोरी सोडून देणार. सोडली असती तर मला नवल वाटलं नसतं, उलट जरा सुटल्यासारखंच वाटलं असतं. फळी लांब, ठिपक्याएवढी झाली. मास्तर तिच्याकडे बघत उभे होते. 

मग त्यांनी दोरी ओढायला सुरुवात केली. प्रवाहाच्या उलट ओढायची म्हणजे जोर लागत होता, पोक आलेली पाठ हलत होती. मी हात लावायला पुढे झालो तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. ओल्या दोरीची वेटोळी त्यांच्या पायाशी पडत गेली. फळी मोठी होत होत काठाशी आली आणि वाळूला घासून थांबली. त्यांनी वाकून ती उचलली, धोतराच्या सोग्याने पुसली, छातीशी धरली. आणि मागे, घरांच्या बाजूला, जिथे कुणीच उभं नव्हतं तिकडे तोंड करून, शाळेत पोरांकडून 'आली' म्हणवून घेणारा तो माणूस म्हणाला,

"आयली, आये. आयली."